हप्ते चालू आहेत, पण हुरूप गेला

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, मी पाचोऱ्याचा, वय ३२. जळगावला एमआयडीसीत एका कंपनीत आहे, रोजचं अपडाऊन. हातात २८,५०० येतात. मागच्या वर्षी लहान बहिणीचं लग्न केलं, त्यात आणि त्याआधीच्या काही भानगडीत कर्ज झालं. बँकेचं पर्सनल लोन १,४२,०००, क्रेडिट कार्ड ४६,०००, पतसंस्था ३५,०००, मोबाईलचे राहिलेले हप्ते ७,०००, मामांकडून हातउसने २०,०००. जूनपासून बजेट केलं, वही घातली, सुरुवातीचे चार-पाच महिने एकदम जोरात होतो. डिसेंबरात मित्रांसोबत तोरणमाळला गेलो, ३,२०० गेले, लगेच मोठ्या बहिणीच्या पोराचं जावळ निघालं, तिथं २,१००. तेव्हापासून वही उघडलीच नाही. हप्ते सगळे वेळेवर जातात पण कर्ज आहे तिथंच आहे असं वाटतं. आता लोन १,११,००० वर आहे, कार्ड ४०,५००, पतसंस्था २१,५००, मोबाईल संपला, मामांचे तसेच आहेत. बायकोला लोन आणि पतसंस्था माहितीय, कार्डाचं आणि मामांचं माहीत नाही. आई म्हणते माझ्या पाटल्या मोड आणि मोकळा हो. मोटिव्हेशन कसं टिकवायचं ते सांगा."

भाऊ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन घेतला, कारण तू आकडे सगळे दिलेत पण बेरीज मात्र केलेली नाहीस. जूनमधले पाचही आकडे एकाखाली एक मांडले तर बरोब्बर अडीच लाख होतात. आजचे मांडले तर १,९३,०००. म्हणजे आठ महिन्यांत २८,५०० च्या पगारातून, घर चालवून, तू ५७,००० रुपयांचं मुद्दल खाली आणलंस. आणि मला लिहितोस कर्ज आहे तिथंच आहे. कुठं आहे तिथंच भो?

बरं, तुला तसं का वाटतं तेही कळतंय मला. तुझ्या खिशातून आठ महिन्यांत गेले ते काही ५७ नाहीत. लोनचे ५,६०० प्रमाणे ४४,८००, पतसंस्थेचे १६,०००, मोबाईलचे ७,०००, आणि कार्डाला तू महिन्याला २,५०० भरतोस म्हणतोस ते २०,०००. टोटल ८७,८००. म्हणजे तीसएक हजार व्याजात गेले. अंगातून घाम ८७ हजाराचा निघाला आणि दिसतात ५७, मग माणूस थकणारच की.

आता त्या व्याजातच जरा खोलात जाऊ, कारण तुझ्या हुरुपाला भोक कुठं पडलंय ते तिथंच सापडतं. कार्डाला तू २०,००० भरलेस आणि कार्ड ४६ वरून साडेचाळीसवर आलं. साडेपाच हजार फक्त. बाकीचे साडेचौदा हजार व्याज आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी. तुझं स्टेटमेंट काढून बघ, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास दर लिहिलेला असेल, ऐकायला साडेतीन म्हणजे काहीच नाही वाटत पण वर्षाचे ४२ झाले ना ते. आणि तुझं लोन बघ, कार्डाच्या तिप्पट मोठं, त्यानं याच आठ महिन्यांत व्याज खाल्लं तेरा-चौदा हजार. छोटा दिसणारा माणूस मोठ्यापेक्षा जास्त जेवून गेला. आणि हाच माणूस नेमका घरात कोणाला माहीत नाही.

म्हणून मी मोटिव्हेशनवर येण्याआधी हे बोलते, राग मानू नको. तुझा निम्मा दम फेडण्यात जातोय आणि निम्मा लपवण्यात. एसएमएस आला की मोबाईल उलटा ठेवायचा, कुरिअरवाला आला की आपणच धावायचं, मामांकडचं आमंत्रण आलं की ड्युटी आहे म्हणायचं. (मामांचं तू लिहिलं नाहीस, पण गेल्या वर्षभरात मामांकडे किती वेळा गेलास ते तूच आठव.) हे सगळं करून उरलेल्या ताकदीवर वही लिहायची, तर ती डिसेंबरपर्यंत टिकली हेच मला नवल वाटतं.

आमचं सांगते. २०११ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला सात हजारापर्यंत गेला होता, खान्देशातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचार, ते वर्ष विसरलेलं नाही कोणी. आमच्याकडे म्हणाले अजून वाढेल, थांबू. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला, त्याच्या किटाळानं पोरांच्या अंगाला खाज, रात्रभर खाजवून रडायची, आणि आम्ही थांबलोय भावासाठी. कापूस विकायचा नाही म्हणून घरखर्चाला आणि पुढच्या पेरणीला पैसा उचलला इकडून तिकडून. मग भाव असा पडला की विचारू नको. सगळं विकून, देणं-घेणं करून १,८०,००० अंगावर राहिले. आणि मी काय केलं तर माहेरी कळू दिलं नाही. दीड वर्ष! भावाच्या साखरपुड्यात चार हजाराची साडी नेसून गेले, तीपण उधारीवर, का तर कोणाला संशय नको. ती साडी आजही कपाटात आहे, नेसवत नाही.

आमच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना माय म्हणायचो, अमळनेरकडच्या, अहिराणीशिवाय बोलायच्या नाहीत. त्यांनीच एक दिवस माझ्या भावाला जेवताना सगळं सांगून टाकलं. मी लाल-पिवळी झाले, तर म्हणे, "घरमा पैसा नही ते नही, सांगाले कसानी लाज?" त्या दिवशी मला राग आला खरा पण रात्री झोप लागली, आणि दुसऱ्या महिन्यापासून कोणाकडे काय न्यायचं, काय नाही, ही चिंताच गेली कारण सगळ्यांना माहीतच होतं.

तर पहिलं काम, वहिनींना कार्डाचं आणि मामांचं सांग. आज रात्री नको, रविवारी सांग, जेवणं झाल्यावर, आई झोपल्यावर. तोंडी सांगू नको, कागद समोर ठेव, अडीच लाख, त्याचे झालेले १,९३,०००, आणि त्यात या दोन ओळी तुला माहीत नव्हत्या. भडकतील. भडकू दे. तू साडेसाठ हजार लपवलेस याचा राग येणं बरोबरच आहे, तेव्हा मध्ये "अगं पण मी तर" करत बसू नको, ऐकून घे. पण त्याच कागदावर ५७ हजार फिटलेले पण दिसतील ना, ते रिकाम्या हातानं सांगण्यापेक्षा बरं.

आता पैशाचं. मोबाईलचा हप्ता १,७५० चा होता, सप्टेंबरात संपला. ऑक्टोबर ते जानेवारी चार महिन्यांचे ७,००० सुटले. तोरणमाळ आणि जावळ मिळून ५,३०० होतात, उरलेले १,७०० कुठं गेले तुलाही माहीत नसेल, वही बंद होती. असंच होतं, हप्ता संपला की ते पैसे घरात पाण्यासारखे मुरतात. ते १,७५० या महिन्यापासून कार्डावर टाक, २,५०० चे ४,२५० कर. नुसत्या २,५०० नं कार्ड फिटायला अजून सव्वादोन वर्षं लागतील, ४,२५० नं साधारण एका वर्षात निघतं, आणि पंधराएक हजार व्याज वाचतं. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी भरायचे, महिनाअखेरीला उरले तर भरू असं नाही, महिनाअखेरीला कोणाकडे उरतात? आणि कार्ड पाकिटातून काढ, ॲपमध्ये सेव्ह केलेलं असेल तर तिथून पण उडव, कारण जुनी बाकी असताना नवीन काही घेतलंस तर त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, ते पन्नास दिवस फ्री वगैरे तुझ्यासाठी नाहीये सध्या.

कार्डाच्या बँकेला फोन करून राहिलेली बाकी ईएमआयमध्ये करून मिळते का विचार, दर बराच कमी पडतो, प्रोसेसिंग फी किती ते आधी विचारून घे. पण कोणी "सेटलमेंट करून टाका, थोडे भरा बाकी माफ" म्हणालं तर हो म्हणू नको. तुझे हप्ते वेळेवर जातायत, सिबिल (कर्ज कसं फेडलं त्याचा रिपोर्ट) चांगला असणार, सेटल्ड असा शिक्का त्या रिपोर्टवर बसला की पुढं घरासाठी लोन मागायला जाशील तेव्हा तो शिक्का तुझ्या आधी जाऊन खुर्चीवर बसलेला असेल. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट काढता येतो, काढून बघ एकदा. आणि ते प्री-अप्रूव्हड टॉप-अपचे, म्हणजे चालू लोनवर अजून लोन घ्या म्हणणारे फोन येतात ना, "सर आपके लिए खास ऑफर", ते घेऊ नको, आणि पाच मिनिटात पैसे देणाऱ्या ॲपकडे तर बघूसुद्धा नको.

पर्सनल लोन आत्ता जास्तीचे भरून लवकर मिटवायच्या नादी लागू नको. त्याला बहुतेक फोरक्लोजर चार्ज असेल आणि त्याचं व्याज कार्डाच्या निम्म्याहून कमी आहे. ते आपलं चालू दे बैलगाडीसारखं.

आईच्या पाटल्या. जळगावच्या सराफात रोज कोणीतरी आई पाटल्या घेऊन येते आणि प्रत्येक दुकानदाराला ते तोंड ओळखू येतं. मोडू नको. मोडताना घट जाते, पुन्हा करताना मजुरी आणि ३ टक्के जीएसटी, आणि खरं सांगू का, पुन्हा होत नाहीत. आता हिशोबानं बोलायचं तर बँकेत तारण ठेवून दहा टक्क्यांच्या आसपास गोल्ड लोन घेतलं आणि कार्ड एका दणक्यात मिटवलं, तर महिन्याला साडेसोळाशे व्याज जातं तिथं साडेतीनशे जाईल, आणि ४,२५० प्रमाणे दहा महिन्यांत मोकळा. हिशोब चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण मी दोन घरं अशी बघितलीत जिथं पाटल्या बँकेत आणि सहा महिन्यांत कार्ड पुन्हा भरलेलं, मग दोन्हीकडून. त्यामुळं आधी वहिनींना कळू दे, तीन महिने ४,२५० नेमानं जाऊ देत, कार्ड कापून फेक, मग आईशी बोल. निर्णय आईचा, सोनं तिचं आहे. आणि मुदतीची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं, कारण वेळेत सोडवलं नाही तर लिलाव होतो.

मामांचं उलटं आहे. व्याज शून्य, म्हणून हिशोबानं ते सगळ्यात शेवटी येतात, कोणताही फायनान्सवाला हेच सांगेल. मी नाही सांगत. मामांना फोन कर आणि म्हण, मामा, वीस हजार माझ्या लक्षात आहेत, एकदम जमत नाही, दर महिन्याला ५०० पाठवतो, कार्ड संपलं की मोठी रक्कम देतो. पाचशेनं त्यांचं काही भागणार नाही आणि कदाचित ते म्हणतील राहू दे रे, तरी पाठव. दर महिन्याच्या पाच तारखेला मामांच्या फोनवर ते पाचशे वाजले पाहिजेत. मग आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मामांच्या अंगणात मान वर करून बसता येईल, आंब्याचा रस घशाखाली उतरेल.

तू तोरणमाळचं असं लिहिलंस जसं काही खून केलाय. आठ महिने माणूस काटकसर करतो आणि एकदा मित्रांसोबत जातो, यात पाप काय आहे? चूक एवढीच की बजेटमध्ये मजेची ओळच नव्हती, त्यामुळं मजा केली की सगळं बजेट मोडल्यासारखं वाटलं आणि मग वहीच बंद. महिन्याला ४०० रुपये फक्त तुझे, हिशोब द्यायचा नाही, वहिनींचे पण ४००, त्यांनाही विचारायचं नाही. आणि मित्रांना सरळ सांग की यंदा लांबचं जमत नाही, कोणाच्या तरी मळ्यात भरीत करू. अजून थंडी आहे. वांगी शेतातली, काड्यांवर भाजायची, कांद्याची पात, मिरच्या, कळण्याच्या पुऱ्या घरून बांधून न्यायच्या, काँट्री काढली तरी माणशी शंभर-दीडशेच्या वर जात नाही आणि तोरणमाळच्या धुक्यापेक्षा भाजलेल्या वांग्याचा धूर कधीही बरा. (हे माझं मत झालं, नंदुरबारवाल्यांनी रागवू नये.)

आणि लग्नं. एप्रिल-मे येतोय, वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीच्या पंगती सुरू होतील, तुझ्या घरी सहा-सात पत्रिका तरी येतील. आहेराची ओळ आत्तापासून घाल, महिन्याला ५००. जवळच्याला ठरवून एक रक्कम, लांबच्याला त्याहून कमी, आणि ते ठरवायचं काम आईकडे दे, कोणी किती दिलं होतं ते त्यांच्या डोक्यात असतं. बहिणीच्या लग्नात आलेल्या आहेरांची वही असेल तर तीच काढ. जावळाचे २,१०० तू लाजेपोटी दिलेस ना? ११०० दिले असते तर भाच्याचे केस काय वेगळे उगवले असते का.

हे सगळे ४००, ४००, ५००, ५०० मिळून १,८०० होतात, कुठून आणू म्हणशील. कार्ड, लोन, पतसंस्था वजा जाता घराला १६,६५० राहतात, त्यातून काढायचे आहेत, सोपं नाही, मला माहितीय. पण हे खर्च तू आजही करतोच आहेस, फक्त नाव न देता. एक महिना वही लिहून बघ, स्टेशनवरचा वडापाव-चहा, रिचार्ज, अपडाऊनवाल्या ग्रुपची वर्गणी, कुठून निघतात ते दिसेल. नाहीच जमले तर मजेचे दोनशे दोनशे कर, पण शून्य करू नको.

राहिला हुरूप. मोटिव्हेशन टिकवायचं कसं विचारतोस, मी चार वर्षं फेडलं आणि मला त्यातले फार तर सहा महिने हुरूप होता. बाकीचे दिवस सवयीवर गेले, आणि मायच्या चिंचोक्यांवर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. माझी वही त्यांना कळायची नाही, तर त्यांनी १८० चिंचोके मोजून बरणीत भरले, हजाराला एक. हजार फिटले की एक चिंचोका काढून तुळशीत टाकायचा. पोरं यायची खेळायला चिंचोके मागायची, तर त्या ओरडायच्या, "ठेव रे पोऱ्या, त्या कर्जना शेतस!" एकदा तर बरणीत नऊ कमी भरले, घरात केवढा आनंद, नऊ हजार फिटले कसे, मग धाकट्याच्या चड्डीच्या खिशातून निघाले ते. पण त्यामुळं झालं काय की पोरांना पण माहीत, आज किती राहिले. बाजारात काही मागितलं तर धाकटाच मोठ्याला सांगायचा, अजून एकसष्ट आहेत. शेवटचा २०१५ ला तुळशीत गेला, तोवर त्या कुंडीत चिंचेचं एक रोप पण आलं होतं, माय उपटू देईनात.

तुझी वही तुझ्या बॅगेत राहते, म्हणून तू उघडली नाहीस की ती कोणालाच दिसत नाही. बरणी ओट्यावर ठेव. १९३ मोजून भर, आणि बाजूला फिटलेल्या ५७ ची वेगळी वाटी, ती पण दिसू दे. दर पगाराला वहिनी आणि तू मिळून काढायचे, कमी निघाले तरी काढायचे. एखाद्या महिन्यात काहीच निघाला नाही तर बरणी तशीच राहील, त्यात वहीसारखं बंद करून ठेवण्यासारखं काही नाही.

चिंचोके विकत आणत बसू नको. आईला विचार, मागच्या वर्षी चिंच फोडली असेल तर कुठल्यातरी डब्यात पडलेले असतील. नाहीतर महिन्याभरात गल्लीत चिंच फोडायला बायका बसतीलच, तोवर तुरीचे दाणे चालतील, फक्त बरणीला झाकण घट्ट लाव, नाहीतर कर्ज भुंगे खाऊन टाकतील आणि हिशोब चुकेल.